नोएलीनच्या खिडकीसमोरचा वाफा

१४ एप्रिल

दक्षिणेच्या भिंतीलगतचं रोडोडेंड्रनचं झुडूप आज शेवटी तोडून नेलं. दहा वर्षं मरत होतं, तेही धड मरत नव्हतं. तोडणारा जाताना म्हणाला, "आता इथे सिमेंट टाकून घ्या, आजी, कटकट मिटेल." मी त्याची आजी कधी झाले कोण जाणे. त्याला दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

उरलं ते असं: सात पावलं लांब, दोन पावलं रुंद काळी ओली जमीन, वर ओकच्या फांद्या, एका अंगाला माझी भिंत, दुसऱ्या अंगाला कमरेएवढं तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे नोएलीन टक राहते. ऊन नावालाच. अशा जागेत वसंतात फुलणारी, वर्षानुवर्षं टिकणारी रोपं निवडायची तर डोकं लागतं. ड्युनेडिनच्या या गल्लीत ते माझ्याखेरीज कुणाकडे आहे असं मला दिसलेलं नाही.

१७ एप्रिल

रेलीन आली होती, नोएलीनची मुलगी. माझ्या लॅटिनच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून हिने दोन वर्षं नखं रंगवली. आता स्वतः आजी व्हायला आली तरी मला 'मिस' म्हणते. हातात चीज रोलचं ताट होतं. पावाच्या कापात चीज आणि कांद्याच्या सुपाची पूड घालून केलेली ती भेंडोळी आमच्याकडे कुणी जन्मलं की येतात आणि कुणी गेलं की येतात. म्हणून मी सरळ विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही, मिस," असं म्हणून ती रडायलाच लागली.

नोएलीनचं यकृत गेलंय. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघेल. दवाखान्यात राहायला ती तयार नाही, म्हणून मागच्या खोलीत खिडकीला लागून पलंग टाकलाय.

"आईला म्हटलं, पुढच्या खोलीत झोप, रस्ता दिसेल, माणसं दिसतील. ऐकतच नाही. आता दिवसभर तुमच्या भिंतीकडे बघत पडणार."

ऐकेल कशी? चाळीस वर्षांत त्या बाईने कुणाचं ऐकलेलं नाही. तिचं पुढचं अंगण बघावं. सुपरमार्केटच्या दारातून ट्रेच्या ट्रे उचलून आणलेली पॉलिअँथस, लाल, पिवळी, जांभळी, नारिंगी, सगळी एकमेकांच्या उरावर, आणि मधोमध सिमेंटचा बेडूक. मी तिला एकदा तोंडावर सांगितलं होतं की ही बाग नव्हे, जत्रेतलं दुकान आहे. त्यावर ती म्हणाली, "आणि तुझी बाग म्हणजे प्रेतयात्रा. नुसतं पांढरं नि हिरवं." त्यानंतर आम्ही तीन वर्षं बोललो नाही. फार शांततेत गेली ती वर्षं.

चार चीज रोल खाल्ले. घरात दुसरं काही केलेलं नव्हतं.

२० एप्रिल

यादी केली. पांढरं ट्रिलियम, तीन पानांवर तीन पाकळ्या, कुठे दिखाऊपणा नाही. सॉलोमन्स सील, वाकलेल्या दांडीला खाली लोंबणाऱ्या पांढऱ्या घंटा, सावलीतल्या सगळ्या झाडांत घरंदाज. चॅटम बेटांवरचं निळं फर्गेट-मी-नॉट, कारण ते आपलंच आहे आणि समुद्री शेवाळाचं खत घातलं की खूश असतं. सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलेल.

माझं पुस्तक इंग्लंडातलं आहे आणि आमचे ऋतू तिथल्या उलटे, त्यामुळे त्यातल्या महिन्यांत सहा मिळवावे लागतात. हे शेंबड्या पोराला कळतं, पण आमच्या बागमंडळाच्या अध्यक्षा बेव्हर्ली स्टॉट यांना कळत नाही. गेल्या साली त्यांनी पुस्तक उघडून, महिना वाचून, भर उन्हाळ्यात प्रिमरोजचं बी पेरलं. उगवलं नाही तेव्हा बी विकणाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं आणि ते सभेत वाचूनही दाखवलं.

माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून खाली बघितलं. वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. नोएलीनची खिडकी त्याच उंचीची, दोन्ही घरं एकाच माणसाने बांधलेली. माझा तिच्याशी काही संबंध नाही. पण उद्या कुणी म्हणायला नको की मी मरणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर चिखल ठेवला.

३ मे

प्रिंगलच्या रोपवाटिकेत गेले. त्याने ट्रिलियमचे कंद काढून दाखवले, सुकलेल्या आल्याएवढे.

"यंदा फूल येईल?" मी विचारलं.

"यंदा?" तो हसला. "मिस लेडलॉ, ट्रिलियमला काय घाई करता! बी पेरलं तर सात वर्षं. हे कंद दोन वर्षांत देतील, मनात आलं तर."

"दोन वर्षं माझ्याकडे नाहीत."

"तुमच्याकडे वीस आहेत हो. तुम्हीच तर मंडळात भाषण केलं होतं, की घाई करणाऱ्या माणसाने बागेत येऊ नये, बाजारात जावं."

दुसऱ्याचं बोलणं लक्षात ठेवून तोंडावर फेकणारी माणसं मला खपत नाहीत. ट्रिलियम घेतलं नाही. नाहीतरी गोगलगायी खाऊन टाकतात.

१९ मे

ओकची पानं गळली. रेलीन कुंपणाशी आली, डोळे सुजलेले. डॉक्टरने नाताळ मागे घेतला. आता म्हणतो, ऑक्टोबर बघेल.

सॉलोमन्स सील यादीतून काढून टाकलं, फर्गेट-मी-नॉटही. नोव्हेंबरपर्यंत त्यांची वाट कोण बघत बसणार? त्या वाकलेल्या दांड्या मला मुळात कधी आवडल्याच नव्हत्या, सदा माफी मागत असल्यासारख्या. त्याऐवजी लंगवर्ट आणली, सप्टेंबरच्या सुरुवातीला फुलते. तिची कळी गुलाबी आणि फूल निळं, म्हणजे एकाच झाडावर दोन रंग, काय तो उथळपणा! पण लवकर येते, हा एक गुण.

६ जून

सकाळी दहाला लंगवर्ट लावायला घेतली. दहाच का, तर तोवर जमिनीवरचं गोठलेलं दंव सुटतं. नोएलीनला दहाची गोळी देतात आणि त्यानंतर अर्धा तास तिला जरा बरं वाटतं, असं रेलीन म्हणते. त्याचा आणि याचा संबंध नाही.

चौथा खड्डा खणत होते तेवढ्यात पलीकडची खिडकी वीतभर उघडली आणि आवाज आला. आवाज अर्धा झालाय तिचा.

"मास्तरीणबाई! काय पुरतेयस गं? नवरा तर तुला कधी नव्हताच!"

"खिडकी लाव," मी म्हटलं. "सर्दीने गेलीस तर लोक मला बोल लावतील."

"ती टोपी कुठल्या कचऱ्यातून उचललीस?"

"ही माझ्या वडिलांची टोपी आहे."

"तरीच! त्यांच्यावरपण वाईटच दिसत असणार."

मी टोपी खाली ओढली. असल्या पोरकट बोलण्याला उत्तर देत बसलं की आपणही त्याच पायरीवर येतो. उरलेले तीन खड्डे उद्यावर ठेवले.

७ जून

तीन खड्डे खणले. ती म्हणाली की मी जमीन उकरणाऱ्या कोंबडीसारखी दिसते. मी म्हटलं, कोंबडीला निदान काम असतं. ती खोकेपर्यंत हसली, मग रेलीनने येऊन खिडकी लावली.

तीन खड्ड्यांना पाऊण तास लागला. माझा वेग कमी झालाय.

११ जुलै

बागमंडळाची सभा. बेव्हर्लीने 'सावली: एक आव्हान' या विषयावर पडद्यावर चित्रं दाखवली. बाईंची बाग दरीच्या उन्हाच्या बाजूला, सावली पाहायची तर त्यांना छत्री उघडावी लागते. चाळीस मिनिटं बोलल्या. नंतर चहाच्या वेळी मला गाठून म्हणाल्या, "युना, तुझ्याकडे गुलाबी लंगवर्ट लावलीस म्हणे? तू? रंग?"

"जमिनीची गरज होती," मी म्हटलं.

जमिनीला गुलाबीची गरज कशी असते हे विचारण्याइतकीही अक्कल त्यांच्याकडे नव्हती. मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

२८ जुलै

रेलीन म्हणाली, "डॉक्टर आता महिनाच सांगत नाहीत, मिस. म्हणतात, सप्टेंबर आला तर देवाची कृपा."

डॉक्टर लोक! शाळेत यातला एकही गणितात धड नव्हता. एप्रिलात नाताळ, मेमध्ये ऑक्टोबर, आता हे. भाजीवाल्यासारखा रोज वेगळा भाव.

लगेच प्रिंगलकडे गेले. तो म्हणाला, हेलेबोर घ्या, आत्ता फुललेली आहेत. फुललेली आहेत, पण सगळी माना खाली घालून! त्यांचं तोंड बघायला आडवं पडून खालून बघावं लागतं. नोएलीन काय मुंगी आहे? मी फिकट पिवळी रानटी प्रिमरोज घेतली, बारा रोपं. तोंड वर करून फुलतात आणि सगळ्यांच्या आधी येतात. पुस्तकात फेब्रुवारीचा शेवट दिलाय, सहा मिळवले की ऑगस्टचा शेवट, पण ही रोपं जोमदार आहेत. रेलीनला सांगून टाकलं, "तुझ्या आईला सांग, वीस ऑगस्टला समोर पिवळा रंग दिसेल. आणि सांग, की मला तिच्या मताची गरज नाही."

असं तारीख देऊन बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

२० ऑगस्ट

काही नाही. पानांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या. खिडकी बंद.

२४ ऑगस्ट

तांदळाचे दाणे आहेत तिथेच आहेत. शेवाळाचं पाणी घातलं. रागाच्या भरात त्यांना लॅटिनमधून बोलले. वर्गात त्याचा उपयोग व्हायचा.

आज रेलीन एकटीच कपडे वाळत घालत होती. आई आता घोटभर सूप घेते, म्हणाली, तेही दोनदा. प्रिमरोजबद्दल तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२५ ऑगस्ट

बेव्हर्लीच्या दारावरून बस गेली. त्यांची प्रिमरोज गच्च फुललीत, पंधरा दिवस झाले असावेत.

मग डोक्यात उजेड पडला. त्या उन्हाच्या बाजूला राहतात, मी अंधाऱ्या बाजूला. हिवाळाभर आमच्या गल्लीवर टेकडी बसलेली असते, दुपारी दोनला दिवे लावावे लागतात. इथे सगळं तीन आठवडे उशिरा फुलतं. दर वर्षी उशिरा फुलतं! चाळीस वर्षं मी हे बघतेय, आणि या वर्षी सहा महिने बरोबर मिळवून वर तीन आठवडे विसरले. पेरणी चुकवणाऱ्या बेव्हर्लीला मी ज्या शब्दांनी हिणवलं, ते सगळे मला लागू आहेत. काडीची अक्कल नाही मला.

तीन आठवडे म्हणजे सप्टेंबरचा मध्य. रेलीनने परवापासून रात्रीची नर्स ठेवलीय.

२६ ऑगस्ट

लिहू की नको असं झालंय, पण ही वही मी खोटं लिहायला ठेवलेली नाही.

सुपरमार्केटात गेले. दाराशीच पॉलिअँथसचे ट्रे होते, काचघरात ऊब देऊन वेळेआधी फुलवलेली, लिपस्टिक फासल्यासारखी. दोन ट्रे घेतले. लाल आणि पिवळी. मग परत जाऊन एक नारिंगी घेतलं.

रांगेत मागून आवाज. "युना? पॉलिअँथस?"

बेव्हर्ली नसती तर नवल.

"खतात टाकायला नेतेय," मी म्हटलं.

"अगं बाई! ताजीच?"

"ताज्याचं खत चांगलं होतं."

पुढच्या सभेत अध्यक्षा हा उपाय सगळ्यांना सांगतील याबद्दल मला शंका नाही.

२७ ऑगस्ट

दहाला लावली. प्रिमरोजच्या मधल्या जागेत, खिडकीच्या बरोबर समोर. लाल, पिवळं, लाल, पिवळं, आणि मध्ये ते नारिंगी. गुडघे टेकून लावताना मान वर करवत नव्हती. कुणी ओळखीचं बघेल याची लाज, आणि ती काय बोलेल याची धास्ती. उभी राहिले तेव्हा तिचं कपाळ खिडकीत दिसलं. बोलली नाही.

२८ ऑगस्ट

पडदा अर्धा. काही बोलली नाही. ही बाई चाळीस वर्षं फुकटचं बोलत आली, आणि मी तिच्यासाठी स्वतःचं हसं करून घेतल्यावर हिची जीभ आत गेली!

२९ ऑगस्ट

मी गेले. तिच्या घरात, पहिल्यांदा. भिंती पिवळ्या, गालिचा जांभळा, अपेक्षेप्रमाणे. रेलीन मला बघून इतकी दचकली की तिच्या हातातला चमचा पडला.

नोएलीन उशांत रुतली होती. रंग हळदीसारखा. हात एवढेसे झालेत. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "तर? बघितलंस ना?"

"काय?"

"फुलं. वाफा. दोन दिवस झाले लावून, आणि तुझ्या तोंडून एक शब्द नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं दुखतंय. ती हसत होती.

"अगं शहाणे, मला इथून काय दिसतंय! ये इकडे. डोकं ठेव इथे."

"कुठे?"

"उशीवर! चावत नाही मी. दात काढून ठेवलेत."

मी वाकले आणि तिच्या डोक्याशेजारी डोकं ठेवलं. तिथून दिसतं ते हे: खिडकीची कड, तिच्यावर माझ्या भिंतीचा वरचा अर्धा भाग, पन्हळ, ओकच्या फांद्या, थोडं आभाळ. वाफ्याची एक काडी दिसत नाही. मी उभी राहून बघितलं होतं. माझ्या खिडकीत, दोन पायांवर उभी राहून. झोपलेल्या माणसाला काय दिसतं हे बघावं, इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. सावलीत फुलणारं सगळं वीतभर उंचीचं असतं, हे तर मी इतरांना शिकवते.

"आणि मग एप्रिलपासून खिडकीतून काय बघत होतीस?"

"तुला."

"मला?"

"टोपी वर येते. मग टोपी जाते आणि तुझं बूड वर येतं. मग परत टोपी. मध्येच शिव्या ऐकू येतात, त्या पण परदेशी भाषेत. दहाची गोळी घेतली की मी रेलीनला म्हणते, उशी नीट कर, आली बघ आता ती."

"मग सांगायचं होतंस ना, की फुलं दिसत नाहीत! मी चार महिने डोकं फोडतेय."

"सांगितलं असतं तर यायची बंद झाली असतीस."

"अर्थात," मी म्हटलं.

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला उठता येईना. वाकून कंबर धरली होती. रेलीनने तोंड दुसरीकडे वळवून हात दिला. मी म्हटलं, एक कुंडी आणून खिडकीत ठेवते. नोएलीन म्हणाली, नको, फुलं बघून दवाखान्यात असल्यासारखं वाटतं. मग जरा वेळाने डोळे मिटूनच म्हणाली, "कसली लावलीस?"

"पॉलिअँथस."

"काय सांगतेस! लाल?"

"लाल आणि पिवळी. एक नारिंगी."

"नारिंगी," ती म्हणाली. "हरलीस की गं तू."

मी म्हटलं, हो.

१ सप्टेंबर

वाफा भरलाय. लावायला वीतभर जागा नाही, तण नाही, गोगलगायी मी काल वेचून टाकल्या. दहाला बाहेर गेले आणि करायला काही नव्हतं.

लंगवर्ट उपटली, हातभर डावीकडे लावली.

२ सप्टेंबर

लंगवर्ट परत उजवीकडे लावली. पलीकडून आवाज आला, बारीक, नीट ऐकू आला नाही. टोपीबद्दल असावं. मी म्हटलं, "तोंड सांभाळ."

९ सप्टेंबर

लंगवर्टला हे मानवत नाही. रोज मुळं उघडी पडली तर कुठलंही झाड टिकणार नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. पानं लोळायला लागलीत. कळ्या होत्या त्या गळून गेल्या. प्रिंगलने बघितलं असतं तर मला मंडळातून काढून टाकायचा ठराव मांडला असता, आणि मी त्याच्या बाजूने मत दिलं असतं.

रेलीन म्हणते, आई आता बहुतेक वेळ झोपूनच असते, बोलणं थांबलंय. पण दहा वाजता डोळे उघडते आणि खिडकीकडे वळते. मीही मग उगाच दोन-चारदा जास्त उठबस करते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांना हे शोभत नाही.

१४ सप्टेंबर

प्रिमरोज फुलली, बाराच्या बारा. तिथून एकही दिसत नाही. माझ्या आयुष्यात मी यांच्याइतकी चांगली प्रिमरोज वाढवलेली नाही.

आज दहाला शेवटची उरलेली लंगवर्ट उपटली आणि ती हातातच राहिली. मुळाला काही उरलं नव्हतं. तिथेच उभी राहिले, कारण वाकायला निमित्त नव्हतं. पडदा उघडा होता. कपाळ दिसत होतं.

नोएलीन मरू नये असं मला वाटतं. हे इथे लिहून ठेवते, तिच्या तोंडावर बोलायचा माझा इरादा नाही. ती त्यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे.

बारा प्रिमरोज आहेत. दिवसाला एक उपटून दुसरीकडे लावली, तर बारा दिवस निघतील. उद्या दहाला पहिली उपटते.